खाज आणि लंगडणं: ब्रुनोच्या दोन फाइली एक करा

पत्राचा गोषवारा

इंदूरच्या राजेंद्र नगर भागातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्याकडे सात वर्षांचा लॅब्रेडॉर आहे, ब्रुनो (नाव बदललं आहे). वजन 36 किलो. दोन वर्षांपासून त्याला बारमाही खाज आहे. पंजे चाटतो, कान सारखे सुजतात, पावसाळ्यात जास्तच. चार महिन्यांपासून बसून उठताना मागचा डावा पाय लंगडतो, थोडं चाललं की सुटतो. खाजेसाठी एका डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन दिली आहे. ती दोन महिने चालू आहे. पायासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात कार्प्रोफेन दिली. शिवाय रोज सांध्यांची एक चघळायची गोळी. रक्ताच्या तपासणीत तांदूळ, बटाटा, मासे धरून अकरा गोष्टींची अॅलर्जी निघाली. म्हणून चिकनचं खाद्य सोडून लॅम्बचं आणलं, फरक पडला नाही. घर शाकाहारी, सासूबाई मासे शिजवू देणार नाहीत. सासरे रोज सकाळी आपल्या पोह्यांतले दोन घास, दह्याचा घास, कधीमधी सोयाबीनची वडी आणि दिवसभरात दोन-तीन पोळ्या भरवतात, त्यावरून घरात वाद होतात. ताई विचारतात, "आता याला द्यायचं तरी काय? पूर्ण शाकाहारी करू का? आणि पाय वयामुळेच दुखतोय ना?"

उत्तर

ताई, खाण्याचं नंतर बोलू. आधी औषधांचं.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आहे आणि कार्प्रोफेन ही सूज-दुखीची गोळी. ही दोन औषधं एकाच वेळी चालू राहता कामा नयेत. जठराच्या अस्तराला आम्लापासून वाचवणारी यंत्रणा दोन्ही औषधं आपापल्या परीने कमजोर करतात. दोन्ही मिळाली की पोटात व्रण होण्याचा धोका खूप वाढतो, कधी तो फुटतोही. कार्प्रोफेनची पुढची गोळी देऊ नका आणि आजच दोन्ही डॉक्टरांना फोन करून दोन्ही नावं सांगा. प्रेडनिसोलोन मात्र आपल्या मनाने एकदम तोडू नका. दोन महिने बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, त्यामुळे ती डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू उतरवावी लागते. उलटी, काळी चिकट शी, खाणं सोडणं किंवा पोटाला हात लावू न देणं, यातलं काहीही दिसलं तर फोनवर थांबू नका, त्याला घेऊन जा.

यात कुणा एका डॉक्टरांची चूक शोधण्यात अर्थ नाही. त्वचेची फाइल एकीकडे आणि पायाची दुसरीकडे, असं बहुतेक घरांत होतं. पण ब्रुनोच्या बाबतीत या दोन गोष्टी पदोपदी एकमेकींच्या आड येतात. स्टेरॉइडने भूक वाढते, भुकेने वजन वाढतं, वजनाने सांधा दुखतो. सांध्यासाठी जी चघळायची गोळी देता तिला बहुधा चिकन किंवा लिव्हरची चव असणार, म्हणजे तुम्ही खाद्यातून काढलेलं चिकन रोज गोळीतून परत देत आहात. आतले घटकही पाहा. ग्लुकोसामाइन बहुधा खेकडा-कोळंबीच्या कवचांपासून काढतात, कॉन्ड्रॉइटिन जनावरांच्या कूर्चेपासून, आणि टाइप-2 कोलॅजन बऱ्याचदा कोंबडीच्या छातीच्या कूर्चेपासून. कुत्र्यांमध्ये ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनचा उपयोग होतो याचा पुरावा मुळात कच्चा आहे. ही गोळी थांबवल्याने पायाचं नुकसान होणार नाही. निर्धास्त थांबवा.

आता त्या अकरा गोष्टींच्या यादीबद्दल. तुम्ही पैसे खर्च केले आहेत म्हणून सांगताना वाईट वाटतं, पण ती यादी बाजूला ठेवा. अन्नाच्या अॅलर्जीसाठी रक्ताच्या किंवा लाळेच्या तपासण्या भरवशाच्या नाहीत. अगदी ठणठणीत कुत्र्यांमध्येही त्या पॉझिटिव्ह येतात. तांदूळ-बटाट्याची धास्ती सोडा. 297 अॅलर्जिक कुत्र्यांच्या नोंदी एकत्र करून 2016 मध्ये जो आढावा निघाला त्यात बीफ साधारण 34 टक्के, दूध-दुभतं 17, चिकन 15 आणि गहू 13 टक्के असा क्रम होता. तांदूळ फार खाली. तुमच्या घरात यातल्या तीन गोष्टी रोज त्याच्या पोटात जातात: खाद्यातलं आणि गोळीतलं चिकन, दह्याचा घास आणि पोळी.

लॅम्बच्या खाद्याने फरक का पडला नाही, तेही यातच आलं. पिशवीच्या पुढे मोठ्या अक्षरात लॅम्ब असतं, मागे घटकांच्या बारीक यादीत 'चिकन फॅट', 'पोल्ट्री मील', 'डायजेस्ट' (चवीसाठी घातलेला मांसाचा अर्क) सापडतं. यादीत नसलं तरी त्याच यंत्रावर आधी चिकनचं खाद्य निघालेलं असू शकतं. दुकानातल्या साध्या खाद्यांत यादीबाहेरचं मांस सापडल्याचं तपासण्यांत वारंवार दिसलं आहे. त्यामुळे एक पिशवी सोडून दुसरी आणणं म्हणजे अॅलर्जीची चाचणी नव्हे.

खरी चाचणी एकच: आठ आठवडे फक्त एकच ठरलेलं खाणं, आणि नंतर जुनं खाणं परत देऊन पाहणं. पाच आठवड्यांत साधारण 80 टक्के अॅलर्जिक कुत्र्यांची खाज उतरते, आठ आठवड्यांत 90 टक्क्यांहून जास्त. म्हणून तीन आठवड्यांत 'काही होत नाही' म्हणून सोडायचं नाही.

खाणं कोणतं, हा तुमचा मुख्य प्रश्न. तीन वाटा आहेत.

पहिली, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं हायड्रोलाइज्ड खाद्य. यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची प्रतिकारयंत्रणा ते सहसा ओळखत नाही. दुसरी, त्याने आयुष्यात कधी न खाल्लेलं मांस किंवा मासा, घरी शिजवून. तिसरी, तुम्ही म्हणता तशी पूर्ण शाकाहारी.

तिसरी वाट आत्ता नको. कुत्रा डाळी-कडधान्यं पचवू शकतो, त्यात वावगं काही नाही. पण ब्रुनोचं वजन उतरवायचं आहे, आणि कमी खाण्यात स्नायू टिकवायचे तर प्रथिनं भरपूर आणि दर्जेदार लागतात. मिथिओनीनसारखी अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, कडधान्यांत कमी पडतात. ती भरून काढणारा आहार पशुआहारतज्ज्ञाने बसवून दिला तर वेगळी गोष्ट, वरण-भाताने ते होत नाही. शिवाय पोह्यांवरच्या शेवेतून बेसन आणि तुमच्याकडची सोयाबीनची वडी तो खातच आला आहे, म्हणजे त्याच्यासाठी ती नवी नाहीत.

मासा ही चांगली वाट आहे, पण सासूबाईंच्या स्वयंपाकघरात भांडण लावून आठ आठवडे टिकणार नाही. अर्धवट चाचणीपेक्षा न केलेली बरी. म्हणून माझा कौल पहिल्या वाटेला. कोरडं खाद्य, वेगळी भांडी नाहीत, वास नाही. हायड्रोलाइज्ड खाद्य घेताना मूळ प्रथिन विचारून घ्या. काहींत ते चिकन लिव्हर असतं, काहींत सोया. ज्या गोष्टीवर दाट संशय आहे तिच्यापासून बनलेलं हायड्रोलाइज्ड खाद्यही काही कुत्र्यांना सोसत नाही. तुमचा संशय चिकनवर, तेव्हा सोयाचं बघा. वडी खाल्ली आहे हे खरं, पण ती कधीमधीच, आणि इथे प्रथिन तोडलेलं आहे. आठ आठवड्यांनी काहीच फरक नसेल तर माशाकडे वळू.

ज्या वाचकांच्या घरी मासा चालतो त्यांच्यासाठी 28 किलोच्या कुत्र्याच्या हिशोबाचं एक दिवसाचं प्रमाण देते: बिनकाट्याचा मासा कच्चा 350 ग्रॅम, उकडलेलं रताळं 450 ग्रॅम, लाल भोपळा 150 ग्रॅम, तेल दोन चमचे. मीठ, हळद, हिंग काही नाही. साधारण 830 किलोकॅलरी होतात. रोहू-कतल्यात बारीक दुपाखी काटे असतात. वाफवून, पूर्ण गार करून, मांस बोटांच्या चिमटीत थोडं थोडं चुरत काढा, काटा बोटाला टोचतो. गरम असताना केलंत तर निम्मे राहतात. या आहारात कॅल्शियम जवळपास नाही, दिवसाला साधारण एक ग्रॅम कॅल्शियम डॉक्टरांना विचारून बिनचवीच्या कॅल्शियम कार्बोनेटमधून द्यावं लागतं. वर्षाच्या आतल्या पिल्लाला असला घरगुती आहार देऊच नका, आणि मोठ्यालाही चाचणी संपल्यावर तो संतुलित करून घेतल्याशिवाय पुढे चालवू नका.

आता किती द्यायचं. लॅब्रेडॉर 36 किलो म्हणजे बहुतेक वेळा जाड, पण तराजूपेक्षा हात खरं सांगतो. बरगड्यांवरून बोटं फिरवा. मूठ वळल्यावर गाठींवरून बोट फिरवल्यासारखं लागलं तर कुत्रा बारीक, उलट्या पंजाच्या हाडांसारखं लागलं तर बरोबर, तळहातासारखं मऊ लागलं तर जाड. ब्रुनोची मऊ लागतील असा माझा अंदाज. योग्य वजन डॉक्टर ठरवतील, आपण 28 धरू.

28 ला 28 ने आणि परत 28 ने गुणा: 21,952. मोबाइलवर त्याचं दोनदा वर्गमूळ काढा: 12.17. त्याला 70 ने गुणा: सुमारे 850. एवढ्या किलोकॅलरी रोज, त्यात सगळं आलं. पिशवीवर 100 ग्रॅमला 385 किलोकॅलरी लिहिल्या असतील तर 220 ग्रॅम. वाटीने मोजू नका, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा. वाटी शिगोशीग भरली की दहा-वीस ग्रॅम सहज इकडेतिकडे होतात. एक पोळी साधारण 100 किलोकॅलरीची. तीन पोळ्या म्हणजे दिवसाच्या वाट्याचा तिसरा हिस्सा, तोही गव्हाचा. पहिले पाच-सहा दिवस जुनं-नवं मिसळत पूर्ण नव्यावर या आणि आठ आठवडे तिथून मोजा.

आठवड्याला वजनाच्या एक टक्का, म्हणजे सुरुवातीला साडेतीनशे ग्रॅम उतरलं की योग्य चाललं आहे. दोन टक्क्यांहून जास्त नको. दर रविवारी एकाच काट्यावर वजन करा. दोन आठवडे काटा हललाच नाही तर खाणं दहा टक्क्यांनी कमी करा, पण त्याआधी कोण काय भरवतंय ते पाहा. आणि यात तुमच्या पायाच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. सांधेदुखी असलेल्या जाड कुत्र्यांचं वजन साधारण 6 टक्के उतरलं तरी लंगडणं कमी झाल्याचं अभ्यासात दिसलं आहे. ब्रुनोसाठी हे दोन-सव्वादोन किलो, सहा-सात आठवड्यांचं काम. म्हणजे खाजेच्या चाचणीचे जे आठ आठवडे, तेच पायाचेही. अमेरिकेत 48 लॅब्रेडॉर पिल्लांना जन्मभर सांभाळून एक अभ्यास झाला, 2002 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्यांना जोडीदारापेक्षा 25 टक्के कमी खाणं दिलं ते साधारण 13 वर्षं जगले, बाकीचे 11.2, आणि त्यांच्यात सांधे झिजण्याचा त्रासही उशिरा सुरू झाला. सांध्यासाठी बाजारात मिळणाऱ्या कुठल्याच डब्यात एवढी ताकद नाही.

सासरेबुवांबद्दल. ताई, पत्रात तुमचा राग दिसतो आणि तो समजतो, पण ब्रुनो दिवसभर त्यांच्याजवळ असतो आणि भरवणं ही त्यांची माया आहे. ती तोडायला गेलात तर लपून भरवतील आणि चाचणीचा निकाल कळायचाच नाही. रोज सकाळी त्या 220 ग्रॅममधले 30 ग्रॅम एका बरणीत काढून त्यांच्या हातात द्या. दिवसभर त्यांनीच एकेक दाणा द्यायचा. पोह्यांच्या वेळी ब्रुनो आशेने बसला की बरणीतलाच दाणा. पोहे का नकोत तेही त्यांना सांगा: त्यातला कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो, अॅलर्जी असो वा नसो. शेवटची पोळी कुत्र्याची, हा नेम मोडायचं कारण नाही. ती रस्त्यावरच्या कुत्र्याला जाऊ दे. फक्त कोपऱ्यावर गाईसाठी ठेवलेल्या पोळ्या ब्रुनो फिरताना उचलणार नाही इतकी दोरी आखूड धरा. खाजेची वहीही त्यांच्याकडेच सोपवा: रोज रात्री 0 ते 10 मध्ये खाज किती, शी किती वेळा, पाय कसा, आणि तोंडात काय काय गेलं.

तोंडात जाणाऱ्या गोष्टी लोक विसरतात त्या या: जंताच्या आणि गोचीड-पिसवांच्या चविष्ट गोळ्या, चिकनच्या चवीची टूथपेस्ट, गाई-म्हशीच्या कातड्यापासून बनलेली चघळायची 'हाडं', आणि गोळी लपवण्यासाठी पेढा किंवा पनीर. गोळी द्यायला तेच खाद्य कोमट पाण्यात भिजवून त्याची गोळी वळा. गोचिडांसाठी मानेवर टाकायचं औषध घ्या. ते मात्र चुकवू नका. पिसवांची अॅलर्जी आणि धुळीतल्या किड्यांची किंवा परागकणांची अॅलर्जी अगदी अशीच दिसते, आणि पावसाळ्यात वाढणारी खाज त्यांच्याकडेही बोट दाखवते. ब्रुनोला दोन्ही असू शकतात. तसंच चाचणी सुरू करण्याआधी कानातला मळ आणि बोटांच्या बेचक्यांतला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. तिथे यीस्ट किंवा जिवाणू वाढले असतील तर खाणं कितीही बदला, खाज जाणार नाही. खाज असह्य झाली तर स्टेरॉइडऐवजी ओक्लासिटिनिब या खाजेच्या गोळीबद्दल विचारा, दुखीच्या गोळ्यांशी तिचं स्टेरॉइडसारखं वाकडं नाही. शेवटचे दोन-तीन आठवडे खाजेचं कुठलंच औषध नसावं, म्हणजे श्रेय कोणाचं ते कळेल.

'पाय वयामुळेच ना?' सात हे लॅब्रेडॉरचं म्हातारपण नव्हे. बसून उठताना लंगडणं आणि चालल्यावर सुटणं हे झिजलेल्या सांध्याचं लक्षण आहे खरं, पण मागच्या पायात खुबा आहे की गुडघ्याचा अस्थिबंध, हे हाताने तपासून आणि थोडी भूल देऊन काढलेल्या एक्स-रेतच कळतं. अस्थिबंध फाटला असेल तर उपाय वेगळा. तुमच्याजवळ महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करा. लंगडणं या पायावरून त्या पायावर जात असेल, सोबत ताप, मरगळ किंवा नाकातून रक्त असेल तर गोचीड-तापाची रक्ततपासणी ताबडतोब. आपल्याकडे हा आजार सांधेही सुजवतो. आणि चाटण्याकडे नीट बघा. बोटांच्या बेचक्यांतले केस लालसर-तपकिरी झाले असतील, चारही पंजांत, तर ती बहुधा अॅलर्जी. एकाच पायाचं मनगट किंवा गुडघा चाटत असेल तर तिथे दुखतंय. बेचक्यात गळू असेल तर तेवढ्यानेही कुत्रा लंगडतो.

स्टेरॉइड उतरून डॉक्टरांनी सांगितलेलं अंतर गेल्यावर दुखीची गोळी परत सुरू करता येईल. आधी यकृत-मूत्रपिंडाची तपासणी, खाण्यासोबतच गोळी, आणि गोळी बिनचवीची मागून घ्या, कारण कार्प्रोफेनच्या बऱ्याच गोळ्या लिव्हरच्या चवीच्या चघळायच्या येतात. घरातलं आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक कधीही देऊ नका, कुत्र्याला ते विष आहे.

घरात कोटा फरशी असेल तर त्याच्या रोजच्या वाटेवर सतरंज्या घाला, खालून रबराची जाळी लावून. नखं फरशीवर टकटक वाजत असतील तर कापायला झाली आहेत. दिवसातून तीनदा पंधरा-वीस मिनिटं सावकाश, दोरीवर. रविवारी एकदम तासभर बागेत चेंडू फेकणं बंद. माळव्याच्या थंडीत सकाळी पाय आखडतात, फरशीवर न झोपवता जाड गोधडी द्या.

माशाचं तेल हे सांध्याच्या पूरक गोष्टींत सगळ्यात भरवशाचं, पण चाचणी संपल्यावर, म्हणजे एका वेळी एकच बदल होईल. ईपीए आणि डीएचए (माशाच्या तेलातली कामाची ओमेगा-3 स्निग्धाम्लं) मिळून सांधेदुखीसाठीची मात्रा मघाच्या 12.17 गुणिले 310, सुमारे 3,770 मिलिग्रॅम रोज. साध्या 1,000 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये बहुधा दोन्ही मिळून 300 च असतात, म्हणजे बारा-तेरा कॅप्सूल आणि शंभरावर किलोकॅलरी. म्हणून जास्त तीव्रतेचं तेल घ्या, पाव मात्रेने सुरुवात करा, शी पातळ झाली तर थांबा. कॅप्सूलचं आवरण जनावरांच्या जिलेटिनचं असतं, टोचून फक्त तेल पिळा. कॉड लिव्हर ऑइल वेगळं, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व चढतं, ते नको. जवसाचा उपयोग इथे फारसा नाही, त्यातलं तेल कुत्र्याच्या शरीरात ईपीएमध्ये फार थोडं बदलतं.

आठ आठवड्यांनी खाज उतरली असेल तर चाचणी अर्धीच झाली आहे. आता जुनं खाद्य परत द्या, दोन आठवड्यांपर्यंत. अॅलर्जी असेल तर खाज काही तासांपासून चौदा दिवसांत परतते. परतली की लगेच चाचणीच्या खाण्यावर या, शांत होऊ द्या, मग एकेक गोष्ट तपासा: रोज 50 ग्रॅम साधं उकडलेलं चिकन, दोन आठवडे. मग दही. मग पोळी. ज्याने खाज येईल ते कायमचं बंद, बाकीचं मोजून परत चालू. पोळीने काही झालं नाही तर सासरेबुवांना रोज अर्धी पोळी मोकळी करा, तेवढ्या 50 किलोकॅलरी खाद्यातून वजा करून. जुनं खाद्य देऊनही खाज परतलीच नाही तर दोष खाण्याचा नव्हता. मग त्वचेच्या डॉक्टरांकडे वही घेऊन जा आणि धूळ-परागकणांच्या अॅलर्जीवरचे उपचार विचारा.